नाक रुसलं तेव्हा: माझी आवडती नेलपॉलिश आणि अत्तरं

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथून कुठून तुम्ही हे ऐकताय किंवा आता पुस्तकात वाचताय, तिथे सगळे मजेत असाल अशी आशा करते. मी नेहमीप्रमाणे कानपुरातून, माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या छोट्या खोलीतून बोलतेय.

या मालिकेत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न अगदी साधा आहे. "ताई, नखांना काय लावता? आणि अत्तर कुठलं वापरता?" मी आजवर हसून टाळत आले. कारण खरं उत्तर द्यायचं तर नुसती यादी देऊन भागत नाही, एक गोष्ट सांगावी लागते. आज ती सांगते. आवडत्या वस्तू दाखवते, त्या बाटलीत नेमकं काय असतं तेही सांगते आणि शेवटी थोड्या कामाच्या सूचना.

ऑक्सिमीटर आणि वांगी रंग

एप्रिल २०२१. ती लाट आठवत नाही असं घर तुमच्यात नसेलच. मला ताप होता, घरात ऑक्सिमीटर होतं. मुलीनं ते माझ्या बोटाला लावलं तर आकडा आला ९१. तिचा चेहरा उतरला. पुन्हा लावलं, ९२. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या नखांकडे गेलं. आठवडाभरापूर्वी मी हौसेनं गडद वांगी रंगाचं नेलपॉलिश लावलं होतं, त्यावर पुन्हा एक थर चढवला होता.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश आरपार पाठवतं आणि रक्तानं त्यातला किती शोषला यावरून आकडा काढतं. नखावर गडद निळा, काळा, हिरवा किंवा असा वांगी रंग असेल तर तो प्रकाश वाटेतच अडू शकतो आणि आकडा चुकू शकतो. गार पडलेल्या बोटांनीही तसं होतं. मुलीनं घाईघाईनं रिमूव्हर आणलं, कापूस भिजवला, बोट पुसलं, हात चोळून ऊब आणली आणि परत मोजलं. ९५. आम्ही दोघींनी एकदमच श्वास सोडला.

मग ती म्हणाली, "आई, किती उग्र वास आहे गं याचा, खिडकी उघडू का?"

आणि मी म्हणाले, "कसला वास?"

रिमूव्हरची बाटली मी नाकाशी धरली. काहीच नाही. ॲसिटोन म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारा वास, तो नाही म्हणजे काहीच नाही. शेजारी माझी अत्तराची पेटी होती. एकेक कुपी उघडली. गुलाब नाही, मोगरा नाही, हिना नाही. जणू सगळ्या कुप्यांत पाणी भरलं होतं.

ताप आठ दिवसांत उतरला. नाक मात्र रुसलं ते रुसलंच.

वास गेला म्हणजे नेमकं काय गेलं

पहिले काही दिवस वाटलं, काय एवढं, जीव वाचला हे पुष्कळ. मग एकदा दूध उतू जाऊन करपलं, पातेलं काळं झालं आणि मी दोन हातांवर बसून भाजी निवडत होते. गॅसच्या सिलिंडरमध्ये मुद्दाम मर्कॅप्टन नावाचा दुर्गंधी पदार्थ मिसळतात, कारण गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. तो दुर्गंध म्हणजे आपला पहारेकरी. माझ्या घरातला पहारेकरीच झोपला होता. त्या दिवसापासून झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करायचा नियम केला. ज्यांचा वास गेला आहे त्यांनी हा नियम कृपा करून पाळा.

दुसरी गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते. माझी आई २०१८ साली गेली. इंदूरला असायची. उन्हाळ्यात वाळ्याचं अत्तर, थंडीत हिना, हा तिचा नेम. तिची एक शाल माझ्याकडे आहे, लोखंडी पेटीत, पिशवीत गुंडाळलेली. वर्षातून दोनतीनदा मी ती उघडायची आणि वास घ्यायची. मे महिन्यात, तिच्या तिथीला, मी ती शाल तोंडावर धरली. लोकर टोचली, बाकी काही नाही. मनात आलं, वास म्हणजे उडून जाणारे कण. माझं नाक परत येईपर्यंत शालीतला वास उडून गेला तर?

तेव्हा साथ दिली नखांनी

आता नेलपॉलिशकडे येते. नाक बंद होतं तेव्हा सुंदर दिसणारी, स्वस्त आणि घरबसल्या करता येणारी एकच हौस उरली होती. मुलगी दर रविवारी माझी नखं रंगवायची. त्या काळात मी या बाटलीबद्दल जेवढं वाचलं तेवढं आधी कधी वाचलं नव्हतं.

नेलपॉलिश म्हणजे मुळात काय? नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ, म्हणजे कापूस किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून बनवलेला, तो एथिल ॲसिटेट आणि ब्युटिल ॲसिटेट अशा द्रावकांत विरघळवतात. त्यात चिकटपणासाठी राळेसारखा पदार्थ, लवचीकपणासाठी आणखी एक आणि मग रंग. आपण ब्रश फिरवला की द्रावक उडून जातात आणि नखावर पातळ पापुद्रा उरतो. तो उग्र वास म्हणजे हे उडणारे द्रावक.

गंमत म्हणजे मूकपटांच्या काळातल्या फिल्म याच नायट्रोसेल्युलोजच्या असत. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा जमानाही तोच. त्या फिल्म भडाभडा पेट घेत, म्हणून जपून ठेवाव्या लागत. तेव्हा गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ बसून नखं रंगवू नका. बाटलीतले द्रावकही झटकन पेटतात.

आता माझे आवडते रंग, क्रमानं.

पहिला डाळिंबी. लाल म्हणावा तर लाल नाही, मरून म्हणावा तर मरून नाही. सावळ्या, गव्हाळ, गोऱ्या, कुठल्याही हातावर खुलतो आणि हिरव्या चुड्याबरोबर तर विचारूच नका.

दुसरा मोतिया, म्हणजे किंचित गुलाबी झाक असलेला पांढरट, अर्धपारदर्शक. रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी हाच उत्तम, कारण टवका उडाला तरी लांबून दिसत नाही.

तिसरा राणी रंग. मुलगी म्हणते, "आई, हा रंग तुझ्या वयाला नाही." मी म्हणते, "नखाला कुठे वय असतं?" ते तर सतत नवंच येत असतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला सुमारे सहा महिने लागतात. हा हिशेब पुढे मला फार उपयोगी पडला.

चौथा तो वांगी. त्याच्यावर माझा राग नाही. पण घरात कुणी आजारी असेल किंवा ऑपरेशनची तारीख असेल तर एक तरी नख मोकळं ठेवा. डॉक्टर नखाच्या रंगावरूनही रक्तप्रवाहाचा अंदाज घेतात, म्हणून ऑपरेशनपूर्वी नेलपॉलिश काढायला सांगतात.

कंपनीचं नाव विचाराल तर माझी पहिली बाटली लॅक्मेची होती, कारण आईचीही तीच होती. टाटांनी १९५२ साली ही कंपनी काढली. नाव घेतलं एका फ्रेंच ऑपेरावरून, आणि तो शब्द म्हणजे आपल्या लक्ष्मीचंच फ्रेंच रूप. पण मी कंपनीपेक्षा मागची चिठ्ठी वाचते. टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट, ही तीन नावं नसलेली बाटली घेते. आता बऱ्याच कंपन्या ती वापरत नाहीत.

लावण्याची पद्धत थोडक्यात. आधी बेस कोट, नाहीतर लाल रंगानं नख पिवळं पडतं. मग दोन पातळ थर, मध्ये दोनतीन मिनिटं थांबून. एक जाड थर देऊ नका, वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे येतात, दोन तळहातांत फिरवा. आणि अधूनमधून आठवडाभर नखांना सुट्टी द्या. रिमूव्हरनं नख कोरडं पडतं, त्या आठवड्यात रात्री खोबरेल तेल चोळा.

नाकाची शाळा

जूनमध्ये कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी समजावलं की या आजारात विषाणू मुख्यतः वासाच्या चेतापेशींवर नाही, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. वासाच्या चेतापेशी तशाही आयुष्यभर नव्यानं तयार होत असतात. म्हणून आशा आहे, पण वेळ लागतो. मग त्यांनी एक व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तो अभ्यासून मांडला होता. चार वास: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ, रोज, किमान बारा आठवडे. प्रत्येक वास काही सेकंद शांतपणे हुंगायचा आणि तो कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचा. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण पुष्कळांना येतो.

मी चार छोट्या बाटल्या केल्या आणि देवघराशेजारी ठेवल्या. पूजा झाली की नाकाची शाळा.

दोनेक आठवड्यांनी निलगिरी थंडगार लागली आणि मी आनंदानं ओरडले. डॉक्टरांनी फोनवर माझा उत्साह थोडा कमी केला. निलगिरीचा थंडावा, लवंगेची झणझण, कांद्यानं डोळ्यांत येणारं पाणी, हे वास नव्हेत. ती चेहऱ्याच्या स्पर्शाची वेगळी नस आहे, ती माझी शाबूत होती. वास अजून यायचा होता.

सप्टेंबरात काहीतरी सुरू झालं, पण वाकडं. कॉफी जळक्या रबरासारखी, कांद्याची फोडणी कुजल्यासारखी. मला वाटलं, याच्यापेक्षा आधी बरं होतं. पण हे वाकडे वास म्हणजे नव्या चेतापेशींच्या तारा मेंदूत जुळत असल्याची खूण असू शकते, असं डॉक्टर म्हणाले. मी राणी रंग लावून कालगणना सुरू केली. नखाच्या मुळाशी वाढलेली मोकळी चंद्रकोर बघायची आणि म्हणायची, एवढं नवं आलं, तर नाकातही काही आलं असेल.

कन्नौजची वाट

मे २०२२ मध्ये नवरा म्हणाला, "चल, कन्नौजला जाऊन येऊ." कानपूरहून गाडीनं दोनेक तास. हर्षवर्धनाची ही राजधानी आज ओळखली जाते ती अत्तरासाठी. इथल्या अत्तराला भौगोलिक मानांकनही आहे.

तिथे अजून 'देग-भपका' पद्धत चालते. देग म्हणजे तांब्याचा मोठा हंडा. त्यात फुलं आणि पाणी. झाकण मातीनं लिंपून बंद. खाली लाकडं किंवा शेण्यांचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं, थंड पाण्याच्या हौदात बसवलेलं. त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होते, सुगंध तेलात मुरतो, पाणी खाली बसतं आणि ते नंतर काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी ताजी फुलं, तेच तेल. असं अनेक दिवस. जाळ किती ठेवायचा हे कारागीर हातानं चाचपून ठरवतात.

चंदन कशासाठी? कारण फुलाचा वास उडता असतो आणि चंदन त्याला धरून ठेवतं. अत्तर आणि आपलं बाटलीतलं परफ्यूम यांतला मोठा फरक हाच. परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं. ते वास भसकन पसरवतं आणि स्वतः उडून जातं. ओ द परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्य साधारण १५ ते २० टक्के, ओ द टॉयलेटमध्ये त्याहून कमी, कोलनमध्ये तर जेमतेम दोनचार टक्के. आता चंदन फार महाग झाल्यानं स्वस्त अत्तरांत लिक्विड पॅराफिन वापरतात. ते फसवणूकच असतं असं नाही, पण चंदनाचं म्हणून चंदनाच्या भावानं घेऊ नका.

दुकानात मालकांनी काचेच्या कांडीनं एकेक थेंब मनगटावर लावला. मोगरा, ज्याला तिकडे बेला म्हणतात, तो अर्धवट जाणवला. केवडा नाहीच. मग त्यांनी एक कुपी काढली आणि हिंदीत म्हणाले, हे बघा बहनजी, मिट्टी.

मंडळी, ते अत्तर मातीपासून करतात. भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत टाकून, फुलांसारखेच उकळून. मी हुंगलं, आणि इंदूरच्या घराचं अंगण, जूनमधली पहिली सर, ओट्यावर उभी आई. सगळं एकदम. मी तिथे दुकानातच रडले. मालकांनी काही न बोलता पाण्याचा पेला पुढे केला.

याला कारण आहे. पावसाच्या वासातला एक मोठा घटक म्हणजे जिओस्मिन, मातीतले सूक्ष्म जीव तो तयार करतात. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे, एक लाख कोटी भागांत मोजके भाग असले तरी ओळखतं. १९६४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं आणि त्यांच्या लेखात उत्तर प्रदेशातल्या या मातीच्या अत्तराचा उल्लेख आहे. म्हणजे शास्त्रानं नाव देण्याआधीच कन्नौजनं ते कुपीत भरलं होतं.

माझी अत्तरं, क्रमानं

पहिलं अर्थातच मिट्टी. हे बाहेर जाताना लावत नाही, घरात, स्वतःसाठी.

दुसरं वाळा. तिकडे खस म्हणतात. मुळांचं अत्तर, थंड, हिरवं, माठातल्या पाण्यासारखं. तांब्याच्या भांड्यात काढलेल्या वाळ्याला हिरवट रंगही येतो. एप्रिल ते जून हेच.

तिसरं हिना. मेंदीच्या नावाचं, पण त्यात मसाले आणि वनस्पती असतात. उबदार. थंडीत कापसाचा छोटा फाया कानाच्या पाळीमागे, आईसारखा.

चौथं गुलाब, हळदीकुंकवाला पालथ्या हातावर लावायला. खरं गुलाबाचं तेल फार महाग, एक किलोसाठी काही हजार किलो फुलं लागतात. म्हणून मी चंदनातलं साधं गुलाब अत्तर घेते आणि त्यात समाधानी आहे.

पाचवं साधं ओडिकोलन. जर्मनीतल्या कोलोन शहराचं, अठराव्या शतकात जन्मलेलं, लिंबू-संत्र्याच्या वासाचं पाणी. आपल्याकडे तापात कपाळावर ज्याच्या घड्या ठेवत, तेच. दहा मिनिटांत उडून जातं, पण ती दहा मिनिटं फार छान असतात.

थोड्या सूचना

एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊन निवड करू नका, नाक थकतं. मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घ्या. कुपी लगेच विकत घेऊ नका, लावून तासभर फिरा, कारण सुरुवातीचा वास निघून गेल्यावर जो उरतो तोच दिवसभर सोबत करतो. आधी अत्तर, मग मोत्यांची नथ, कारण सुगंधी द्रव्यांनी मोत्याचं पाणी जातं. रेशमावर थेट लावू नका, तेलाचा डाग जात नाही. लिंबूवर्गीय वास लावून उन्हात जाऊ नका, त्वचेवर काळे डाग पडू शकतात. आणि सगळ्या कुप्या उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवा.

वास अचानक गेला आणि दोनतीन आठवड्यांत परतला नाही तर डॉक्टरांना दाखवा. लाजू नका. डोळे गेले तर लोक धावून येतात, नाक गेलं तर हसतात. हसू देत.

आणि शाल?

माझं नाक पूर्ण परतलेलं नाही. कॉफी अजून परकी लागते. केवडा कधी येतो, कधी नाही. चार बाटल्यांची शाळा मी अजून करते.

या वर्षी आईच्या तिथीला पेटी उघडली. शाल काढली. वाळा होता. अगदी पुसट, खाली चंदन. तो शालीतून आला की माझ्या आठवणीतून, हे मी ठरवू शकले नाही, आणि ठरवायचा हट्टही केला नाही. मुलीला बोलावलं, तिच्या नाकाशी शाल धरली. ती म्हणाली, "आजीचा वास येतोय." तेवढं मला पुरलं. शाल पुन्हा गुंडाळून ठेवली.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. आज संध्याकाळी दिवा लावण्याआधी एकदा स्वयंपाकघरात उभं राहून नीट वास घ्या. जिरं, तूप, ओला ओटा, काय असेल ते. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.